पुढाऱ्याचे उत्तर

सार्वजनिक पुरुषाची किंमत लोक त्याच्या कृतीवरून करतात, असे सामान्यतः मानले जाते. आमच्या मते ही समजूत अर्धीच खरी आहे. कृती बहुधा लोकांच्या नजरेआड घडते. तिची कारणे गुंतागुंतीची असतात, परिणाम पुष्कळ वर्षांनी दृष्टीस पडतात, आणि ती बरी की वाईट हे ठरविण्यास जे ज्ञान लागते ते सकाळी वर्तमानपत्र चाळणाऱ्या गृहस्थाजवळ क्वचितच असते. परंतु त्या कृतीवर टीका झाली असता पुढारी काय बोलतो, कोणत्या सुरात बोलतो, की मुळीच बोलत नाही, हे मात्र सर्वांस दिसते. आणि ते पारखण्यास अर्थशास्त्र किंवा राज्यघटना पढावी लागत नाही. चिडलेला मनुष्य, भ्यालेला मनुष्य, आतून ओशाळलेला परंतु वरून ऐट मिरविणारा मनुष्य, हे सगळे आपण घरात, भाऊबंदकीत आणि कचेरीत पाहिलेले असतात. त्याच अनुभवाच्या मापाने आपण मंत्र्यांस व पुढाऱ्यांसही मोजतो. पुष्कळदा असे होते की मूळ कृती विस्मृतीत जाते आणि उत्तर तेवढे लोकांच्या ध्यानात राहते.

वाङ्मयाच्या अध्यापकाने या भानगडीत का पडावे, असा प्रश्न आमचे काही वाचक करतील. त्यांस आम्ही एवढेच सांगू की, प्रत्युत्तर हा वाङ्मयाचाच एक प्रकार आहे, आणि आपल्या देशात तो फार जुना आहे. आमच्या शास्त्रकारांचा असा दंडक होता की प्रथम पूर्वपक्ष मांडावयाचा, तोही प्रतिपक्ष्याने स्वतः मांडला असता तितक्या जोराने, आणि मगच उत्तरपक्षाकडे वळावयाचे. पूर्वपक्ष दुबळा करून त्याचे खंडन करणारा पंडित सभेत हास्यास्पद ठरे. आजच्या सभांतून व वृत्तपत्रांतून जी उत्तरे आपण वाचतो त्यांत पूर्वपक्ष बहुधा नसतोच. टीकाकाराचा हेतू, त्याचा पक्ष, त्याचे पूर्वचरित्र आणि प्रसंगी त्याची जात एवढ्यांचाच परामर्श घेतलेला असतो. अशा उत्तराने टीकाकार थोडा वेळ गप्प बसेल. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात मूळ प्रश्न जसाच्या तसा राहतो.

महाराष्ट्रात वृत्तपत्रीय टीका आणि तिचे उत्तर यांचा जो पहिला मोठा सामना झाला त्यात आपल्या दोन थोर पुरुषांकडे आरोपीची भूमिका आली होती. कोल्हापूरच्या तरुण महाराजांच्या छळाविषयी 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांजवर घणाघाती टीका केली. ज्या पत्रांच्या आधारावर ती उभारली होती ती बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली. परंतु बर्व्यांनी खटला मागे घेतला नाही, आणि १८८२ साली दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यातील १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. कायद्याच्या दृष्टीने बर्व्यांचा विजय निर्भेळ होता. त्यांचे उत्तर पुराव्यानिशी होते, न्यायाधीशाने ते मान्य केले होते. असे असूनही आज बर्वे कोण होते हे सांगण्यास तळटीप द्यावी लागते, आणि ते १०१ दिवस मात्र शाळकरी मुलासही ठाऊक असतात. माफी मागितल्यावरही जो सूड सोडीत नाही त्याच्या बाजूला सत्य असले तरी सहानुभूती राहत नाही, हे लोकस्वभावाचे एक अंग त्या वेळी दिसून आले.

दुसरे अंग सदतीस वर्षांनी दिसले. सर व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात टिळकांस हिंदी असंतोषाचे जनक ठरविले होते, व काही हिंसक कृत्यांशी त्यांचा संबंध जोडला होता. टिळकांनी विलायतेत जाऊन अब्रुनुकसानीची फिर्याद केली. १९१९ च्या आरंभी न्यायमूर्ती डार्लिंग यांजपुढे ती चालली, चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन उभे राहिले, आणि टिळक हरले. खर्चाचा बोजा एवढा मोठा होता की लोकांनी वर्गणी काढून तो हलका केला. म्हणजे १८८२ साली कोर्टात जिंकलेला मनुष्य लोकांच्या मनातून उतरला, आणि १९१९ साली कोर्टात हरलेल्या मनुष्याचे कर्ज लोकांनी फेडले. यावरून कोर्टातील निकाल व्यर्थ असतात असे अनुमान कोणी काढू नये. एवढेच म्हणता येईल की टीकेला उत्तर म्हणून वकील उभा करणे हा उपाय पुढाऱ्याच्या प्रतिमेपुरता बेभरवशाचा आहे. लोक आपला निकाल स्वतंत्रपणे लिहितात.

परंतु आमच्या विषयाचे खरे उदाहरण पुण्यात किंवा लंडनात शोधण्याचे कारण नाही. आम्ही ज्या फलटणात अध्यापन करीत आलो तेथेच ते घडले. हे गाव सईबाईसाहेबांचे माहेर म्हणून, श्रीराममंदिराकरिता आणि महानुभावांचे क्षेत्र म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. विसाव्या शतकातील राजकारणात मात्र त्याचे नाव एका वाक्यामुळे गाजले. १९५५ च्या ऑक्टोबरात राज्यपुनर्रचना मंडळाचा अहवाल बाहेर आला व संयुक्त महाराष्ट्राची मागणी त्यात नाकारली गेली. मुंबई पेटू लागली. २० नोव्हेंबरला चौपाटीवरच्या सभेत मोरारजी देसाई व स. का. पाटील यांनी मुंबई महाराष्ट्रास मिळणार नाही असे अशा थाटात सांगितले की पाटलांच्या तोंडी पाच हजार वर्षांची भाषा आली. लोकांनी ती सभा चालू दिली नाही. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार होऊन पंधरा माणसे मेली. आणि चौपाटीनंतर अकराव्या दिवशी, १ डिसेंबर १९५५ रोजी, फलटणास मालोजीराजे नाईक निंबाळकर यांच्या राजवाड्यात सातारा जिल्ह्यातील काँग्रेस कार्यकर्ते जमले असता यशवंतराव चव्हाण यांनी दोन गोष्टी सांगितल्या. शंकरराव देवांचे नेतृत्व आपणांस मान्य नाही, ही पहिली. आणि संयुक्त महाराष्ट्र व पंडित नेहरू यांत निवड करण्याचा प्रसंग आला तर आपण नेहरूंच्या बाजूस उभे राहू, ही दुसरी.

पहिली गोष्ट आज कोणास आठवत नाही. दुसरीचे बाजारात गेल्यावर काय झाले ते पाहण्याजोगे आहे. 'प्रसंग आला तर' हा त्यातील अटीचा भाग गळाला. पक्षशिस्तीचा संदर्भ गळाला. आणि 'महाराष्ट्रापेक्षा नेहरू मोठे' एवढे तीन शब्दांचे नाणे उरले. लोकांच्या तोंडी फिरणारे वाक्य नेहमी असेच झिजत जाते. तथापि या झिजण्यात अन्यायच झाला असे आम्हांस वाटत नाही. ज्या पंधरवड्यात माणसे गोळ्या खाऊन पडली होती त्यात निवडीचा प्रश्न काढणे आणि त्याचे उत्तर आधीच देऊन टाकणे, यात जो भाव होता तो झिजलेल्या नाण्यावरही शिल्लक होता. लोकांनी यशवंतरावांच्या गळ्यात सूर्याजी पिसाळाचे नाव बांधले. सातारकडच्या माणसास या शिवीची धार विशेष कळते, कारण वाईच्या देशमुखीसाठी रायगडाचा घात केल्याची कथा येथे पाळण्यापासून कानावर पडते. कऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या मुलाला त्याच्याच मुलखाने दिलेली ती शिवी होती.

येथून पुढे यशवंतरावांचे जे वर्तन झाले ते आमच्या अभ्यासाचे खरे क्षेत्र होय. फलटणचे वाक्य आपण उच्चारलेच नाही असे त्यांनी म्हटले नाही. ते मागेही घेतले नाही. वृत्तपत्रांनी विपर्यास केला ही जी तयार ढाल प्रत्येक पुढाऱ्याच्या हाताशी असते तिचा आसरा घेऊन ते वाक्य त्यांनी झटकले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा टीकाकारांच्या मते फलटणच्या वाक्याची किंमत त्यांस रोख मिळाली. त्याच महिन्यात आचार्य अत्र्यांचे 'मराठा' दैनिक सुरू झाले. पुढील साडेतीन वर्षे त्या पत्राने यशवंतरावांस जी भाषा वापरली ती मराठी उपहासाच्या इतिहासात एक स्वतंत्र प्रकरण मागते. अत्र्यांच्या लेखणीत विनोदाचे व वक्तृत्वाचे जे सामर्थ्य होते ते आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यांच्या टीकेत मोजमाप नव्हते. राजकारण, रूप, घर, संसार, सगळे एकाच तराजूत पडे. त्यांच्या वाचकास त्याचा आनंद होत असे, आणि १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची जी वाताहत झाली तीत या लेखणीचा वाटा होताच. खुद्द यशवंतराव कऱ्हाडास थोडक्या मतांनी निसटले.

येथे एक गोष्ट घडली जी अत्र्यांच्या ध्यानात आली असेल की नाही, कोण जाणे. टीका जितकी अमर्याद, तितके तिच्यापुढचे मौन शोभून दिसते. अत्रे गर्जत होते म्हणून यशवंतरावांचे न बोलणे हे भारदस्तपणाचे चिन्ह झाले. त्यांनी उलट शिवीगाळ केली असती तर दोघांचा फड लागला असता, आणि फडात अत्र्यांस जिंकणारा मराठी मुलखात जन्मला नव्हता. ते मौन पुष्कळ अंशी हिशेबी होते हे आम्हांस मान्य आहे. परंतु लोक हिशेबाकडे पाहत नाहीत. दोन माणसांतला एक ओरडतो आहे व दुसरा ऐकून घेतो आहे, एवढे चित्र ते पाहतात, आणि घराघरांतून सासरे-जावई, थोरले-धाकटे यांच्या तंट्यांत जो न्याय लावतात तोच येथेही लावतात.

मौनाने मनुष्य फक्त सहनशील दिसतो. त्यावर विश्वास बसण्यास काहीतरी घडावे लागते. ते ३० नोव्हेंबर १९५७ रोजी घडले, फलटणच्या वाक्यास दोन वर्षे पुरी होण्याच्या आदल्या दिवशी. प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते व्हावयाचे होते. प्रसंग मोठा नाजूक होता. नेहरूंनी आपल्या जगाच्या इतिहासावरील ग्रंथात अफझलखानाच्या वधासंबंधी जे लिहिले होते त्याने मराठी मन पूर्वीच दुखावले होते. पुढील आवृत्तीत त्यांनी तो मजकूर बदलला होता. परंतु दुरुस्ती मूळ दोषाइतकी दूर जात नाही, हा ग्रंथकारांचा नेहमीचा अनुभव आहे. संयुक्त महाराष्ट्र समितीने काळ्या निशाणांची निदर्शने पुकारली. वाईपासून पसरणीच्या घाटात हजारो माणसे उभी राहिली. ज्या मुख्यमंत्र्याने नेहरूंची बाजू घेण्याचे वचन याच जिल्ह्यात दिले होते, त्याच्याच जिल्ह्यात, त्याच नेहरूंसमोर ही निशाणे फडकणार होती. त्याने घाट मोकळा करण्याचा हुकूम दिला असता तर दिल्लीस ते गोड वाटले असते. यशवंतरावांनी निदर्शने होऊ दिली. नेहरू त्या काळ्या निशाणांमधून गेले, पुतळ्याचे अनावरण झाले, आणि गोळी सुटली नाही.

आमच्या समजुतीप्रमाणे फलटणच्या वाक्यास यशवंतरावांनी दिलेले खरे उत्तर हेच होय. त्यात एक अक्षरही नव्हते. राज्यकर्त्यास जो अधिकार असतो तो टीकाकारावर न वापरणे, एवढेच ते उत्तर होते. आणि महाराष्ट्राने ते वाचले. नेहरूंसंबंधी एक आनुषंगिक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. १९३७ साली कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात 'चाणक्य' या टोपणनावाने नेहरूंवर एक कडक लेख आला होता. या मनुष्यात हुकूमशहाची बीजे आहेत, त्याच्यावर नजर ठेवा, असा त्याचा भावार्थ होता. तो लेख स्वतः नेहरूंनीच लिहिलेला होता, हे मागाहून कळले. स्वतःवरील टीका स्वतःच करून टाकणे हा प्रत्युत्तराचा सर्वांत चतुर प्रकार म्हणावा लागेल. टीकाकाराला नवे बोलावयास काही उरत नाही, आणि लेखकाच्या प्रांजलपणाचे कौतुक होते ते वेगळेच. पसरणीच्या घाटात मात्र टीका दुसऱ्यांची होती, आणि तिच्यामधून गाडीत बसून जावे लागले.

आता कोणी म्हणेल, महाराष्ट्राने यशवंतरावांस क्षमा केली ती त्यांच्या वर्तनामुळे केली नाही, तर १ मे १९६० रोजी राज्य मिळाले म्हणून केली. यश मिळाले की सारे दोष धुऊन निघतात. हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्यात काही भर आम्ही स्वतःच घालतो. यशवंतराव या मातीतले होते, बहुजनसमाजातले होते, त्यांची भाषा कृष्णाकाठची होती, आणि राज्याच्या किल्ल्या त्यांच्या हाती होत्या. या चारही गोष्टींचा त्यांस उपयोग झाला. परंतु केवळ यशानेच जर सर्व काही धुऊन निघत असते तर ते मोरारजींचेही धुऊन निघावयास हवे होते. द्विभाषिक मोडण्यास अखेर त्यांचीही संमती लागलीच होती. १९५५-५६ च्या गोळीबारांत शंभरांहून अधिक माणसे मेली. त्यांची न्यायालयीन चौकशी व्हावी ही मागणी आली तेव्हा मोरारजींनी ती मानली नाही. चिंतामणराव देशमुखांसारख्या मितभाषी अर्थमंत्र्याने १९५६ च्या जुलैत राजीनामा दिला, तेव्हा लोकसभेत त्यांनी या न झालेल्या चौकशीचाही उल्लेख केला. मोरारजींचे नैतिक बळ, त्यांचा शिस्तीचा कारभार, पुढे देशाचे पंतप्रधानपद, यांपैकी कशानेही मराठी घरांतून त्यांच्या नावाची ती छाया गेली नाही. दोघांचाही पक्ष एक होता, धोरण बरेचसे एक होते. फरक उत्तरात होता. एकाने टीका ऐकून घेतली, दुसऱ्याने ती ऐकण्यास आपण बांधलेले नाही असे दाखविले. स. का. पाटलांस त्यांचे पाच हजार वर्षांचे भाकीत कसे नडले, हे १९६७ साली मुंबईच्या मतदारांनी जॉर्ज फर्नांडिस यांस निवडून देऊन सांगितले. त्या निकालास दुसरीही कारणे होती, पण हेही होते.

यशवंतरावांच्या शाब्दिक उत्तरांत आम्ही सर्वश्रेष्ठ मानतो ते राज्यनिर्मितीच्या तोंडावर त्यांनी ग. त्र्यं. माडखोलकरांस दिलेले. नागपूरच्या 'तरुण भारता'चे हे संपादक, कादंबरीकार व समीक्षक. त्यांनी विचारले की हे राज्य मराठी राज्य होणार की मराठा राज्य? प्रश्नात काटा होता, आणि तो पुष्कळ ब्राह्मणांच्या व विदर्भातील इतर लोकांच्या मनात खरोखरच रुतलेला होता. दुसरा कोणी असता तर प्रश्नकर्त्याच्या जातीकडे बोट दाखवून मोकळा झाला असता. टाळ्याही पडल्या असत्या. यशवंतरावांनी तसे न करता प्रश्न जसाच्या तसा जाहीरपणे उचलला, त्यामागील भीती खरी असू शकते हे गृहीत धरले, आणि हे राज्य मराठी जनतेचे होईल असे नि:संदिग्धपणे सांगितले. यास आम्ही पूर्वपक्ष मांडणे म्हणतो. त्यांची भाषणे १९६२ साली 'सह्याद्रीचे वारे' या नावाने पुस्तकरूपाने निघाली. ज्यांस मराठी राजकीय गद्याची गोडी आहे त्यांनी ती वाचावी. तीत अलंकार थोडे आहेत, आणि वक्ता श्रोत्यांस समजावून सांगतो आहे, हा भाव सर्वत्र टिकलेला आहे. पुढे ते राज्य किती मराठी झाले आणि किती मराठा, हा निराळा लेख होईल.

येथवर आम्ही स्तुती केली. परंतु या सहिष्णुतेचा दुसरा पदर पाहिल्यावाचून परीक्षण पुरे होत नाही. १९६० नंतर विरोधी पक्षांतील, विशेषतः शेतकरी कामगार पक्षातील, कित्येक कर्ती माणसे एकामागून एक काँग्रेसमध्ये आली. यास बेरजेचे राजकारण असे गोड नाव मिळाले. टीकाकारास उत्तर न देता त्यास खुर्ची द्यावयाची, ही ती रीत. बाहेरून पाहणाऱ्यास तीत मनाचा मोठेपणा दिसतो, आणि तो नव्हता असे आमचे म्हणणे नाही. परंतु खुर्चीवर बसलेला टीकाकार पुन्हा प्रश्न विचारीत नाही. साखर कारखाना, जिल्हा परिषद, सहकारी बँक, शिक्षणसंस्था यांच्या जाळ्यात पश्चिम महाराष्ट्रातील विरोधाचा आवाज जो हळूहळू बुजला, तो लाठीने बुजविला असता तर लोक चवताळून उठले असते. तो मायेने बुजविला गेला, म्हणून कोणी हूं की चूं केले नाही. गोळीबाराने टीका वाढते हे मोरारजींनी दाखविले. आदरातिथ्याने ती संपते हे त्यांच्या वारसाने दाखविले. लोकांच्या दृष्टीने यांतला दुसरा चांगला, हे उघड आहे. लोकशाहीच्या दृष्टीने त्यांतला कोणता अधिक महाग पडला, याचा हिशेब अजून पुरा झालेला नाही.

आणि मौन सर्वत्र सारखेच शोभत नाही, याचाही पुरावा याच जिल्ह्यात आहे. १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडास मराठी साहित्य संमेलन भरले. देशात आणीबाणी होती, वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, जयप्रकाशजी तुरुंगवासानंतर आजारी होते. संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत. स्वागताध्यक्ष, त्या वेळचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याचा पक्ष तेथे भर सभेत मांडला, आणि जयप्रकाशजींच्या प्रकृतीसाठी सभेस प्रार्थना करावयास लावली. यशवंतरावांनी यजमानाचा धर्म पाळला. पाहुणीचा कोणी अपमान केला नाही, तिला कोणी थांबविले नाही. त्या काळी एवढेही थोडे नव्हते, असे पुष्कळांचे मत आहे, व ते आम्ही समजू शकतो. परंतु आमच्या पिढीच्या वाचकांच्या मनात त्या मंडपातील जे चित्र राहिले त्यात उंची दुर्गाबाईंची आहे. असे का व्हावे? मौन तेच होते, मनुष्य तोच होता, गाव तर त्याचेच होते. भेद टीकेच्या जातीत होता. अत्र्यांची टीका अमर्याद होती, म्हणून तिच्यापुढील मौनास संयम म्हटले गेले. दुर्गाबाईंची टीका मोजकी होती, व्यक्तीवर नव्हती, आणि ती करणाऱ्या बाईस तिची किंमत द्यावी लागणार होती. १९७६ साली त्यांस अटक झाली. अशा टीकेपुढे जो राज्यकर्ता गप्प राहतो त्याच्याविषयी लोक म्हणतात की त्याला बोलता आले नाही. १९५७ साली पसरणीच्या घाटात जो अधिकार त्याने वापरला नाही तो त्याच्या हातचा होता, म्हणून न वापरण्यास अर्थ होता. १९७५ साली अधिकार दुसऱ्याच्या हाती होता, आणि तो न वापरण्याचे श्रेय घेण्यास त्याला जागा नव्हती.

अलीकडच्या काळातील दोन प्रसंग थोडक्यात पाहू. तेही याच टापूशी जोडलेले आहेत. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला तेव्हा गृहखाते सांगली जिल्ह्यातील तासगावच्या आर. आर. पाटलांकडे होते. मोठ्या शहरात अशा लहानसहान गोष्टी होतात, अशा अर्थाचे एक हिंदी वाक्य त्यांच्या तोंडून गेले. बोलणाऱ्याच्या मनात दुष्टपणा नसावा. अंजनीसारख्या खेड्यातून वर आलेल्या, ग्रामस्वच्छतेच्या मोहिमेने घराघरांत पोचलेल्या या गृहस्थाची ख्याती तशी नव्हती. परंतु प्रेते अजून मोजली जात होती. १ डिसेंबरला त्यांनी पद सोडले. (तारखेचा योगायोग फलटणकराच्या नजरेतून सुटत नाही.) एका वर्षाने ते त्याच खात्यावर परतले, आणि २०१५ साली ते वारले तेव्हा लोकांनी त्यांचे साधेपण आठवले, ते वाक्य आठवले तरी कुजबुजीपुरतेच. लवकर सोडलेली खुर्ची पुष्कळ काही विसरावयास लावते.

दुसरा प्रसंग २०१३ चा. त्या वर्षी दुष्काळाने सोलापूर, माण, खटाव, फलटणचा पूर्वभाग होरपळत असता, उजनीच्या पाण्यासाठी उपोषणास बसलेल्या मनुष्याची उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी इंदापूर तालुक्यातील सभेत थट्टा केली. ती ज्या शब्दांत केली ते या पृष्ठांवर छापण्याजोगे नाहीत, आणि वाचकांस ते ठाऊक आहेत. गदारोळ उठल्यावर त्यांनी क्षमा मागितली, आणि १४ एप्रिलला कऱ्हाडास प्रीतिसंगमावर, यशवंतरावांच्या समाधीपाशी, दिवसभर उपोषण करून आत्मक्लेश केला. क्षमायाचना खरी नव्हती असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. मनुष्याच्या अंतःकरणात कोणी डोकावलेले नाही. परंतु टीकाकार म्हणून एक गोष्ट नोंदविणे भाग आहे. अपराध ज्यांचा झाला ते टँकरच्या रांगेत उभे होते. प्रायश्चित्त झाले ते संगमाच्या काठी, एका थोर दिवंगताच्या सान्निध्यात. ज्याला उत्तर द्यावयाचे त्याच्या तोंडाकडे पाहून ते दिले नाही की उत्तराचे नाटक होते, मग मनातील भाव कितीही शुद्ध असो. लोकांनी या उपोषणाची चर्चा त्या उपोषणापेक्षा अधिक केली, यातच सारे आले.

यशवंतरावांनी स्वतः फलटणच्या वाक्याविषयी शेवटी काय म्हटले असते, हे जाणण्याची आम्हांस मोठी उत्सुकता होती. राजकारणी पुरुष सभेत व मुलाखतीत जे सांगतो त्याचे मोल वेगळे; सत्ता गेल्यावर, पत्नीच्या निधनानंतरच्या एकटेपणात, तो कागदावर स्वतःशी काय कबूल करतो याचे मोल वेगळे. 'कृष्णाकाठ' हा त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला खंड १९८४ साली आला. त्याचे गद्य नितळ आहे. देवराष्ट्रे, कऱ्हाड, आई, बेचाळीसचे दिवस यांचे वर्णन करताना लेखक कोठेही स्वतःस मोठा करीत नाही, आणि स्वतःच्या निर्णयांची तपासणी करण्याची त्याची तयारी पानापानांतून जाणवते. ज्या लेखकाकडून फलटणची गोष्ट ऐकावी असा हाच लेखक, अशी खात्री वाचताना पटत जाते. परंतु तो खंड १९४६ पाशी थांबतो. मुंबईचे व दिल्लीचे दिवस पुढील खंडांत यावयाचे होते. त्यांची नावेही ठरली होती. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतराव वारले, आणि ते खंड लिहिले गेले नाहीत.